बारा वाव

"पन्नास ओहमचीच केबल द्या. पंचाहत्तरची नको," बाबा तिसऱ्यांदा म्हणाले.

"अहो काका, टीव्हीला सगळे हीच लावतात," दुकानदार म्हणाला. "मऊ आहे, कोपऱ्यात वळते. एवढी जाड केबल नेऊन काय हत्ती बांधायचाय?"

"हत्ती परवडला. मला वेळ बांधायचीय."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. माझ्या कडेवर नऊ महिन्यांची ठमी, तिच्या तोंडात माझ्या ओढणीचं टोक. मी हसले, पण माझं लक्ष बाबांच्या उजव्या हाताकडे होतं. पिशवी डाव्या हातात, पैसे डाव्या हाताने. सकाळी भांगसुद्धा त्यांनी डाव्या हाताने पाडला होता.

"बरं, पन्नासची. मग ही बारीक घ्या," दुकानदाराने दुसरं वेटोळं काढलं.

"बारीक पाच-सहा मीटरला ठीक. गच्चीवरून खाली येईस्तोवर तिच्यात सिग्नल उरणार नाही. जाडच द्या. एकवीस मीटर. आणि दोन्ही टोकं तुमच्या यंत्रावर दाबून द्या, घरी माझ्याकडे ते पकडीचं हत्यार नाही."

"एकवीस? नक्की? एकदा टोकं बसवली की परत कापाकापी नाही हं."

"तीस वर्षं केबलच मोजल्यात."

हे खरं होतं. बाबा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तंत्रज्ञ होते, आणि तिथल्या मुख्य घड्याळाची जबाबदारी त्यांच्यावर होती. शहरातले निम्मे फोन त्या घड्याळाच्या भरवशावर चालायचे. एक्स्चेंज बंद झालं तेव्हा उपग्रहांकडून वेळ घेणारी जुनी पेटी भंगारात निघाली होती. साहेबांना विनवून बाबांनी ती घरी आणली. गच्चीवर अँटेना, खोलीत पेटी, आणि मधली केबल अजून यायची होती. आई असताना "तुमचं ते खोकं" एवढंच त्या पेटीचं नाव होतं. आई गेल्यावर बाबांनी तिच्यावरची धूळ पुसायला घेतली.

मी चार दिवसांसाठी आले होते, आणि खरं सांगायचं तर एकटी आले नव्हते. दादाची यादी माझ्याबरोबर होती. "गॅस बंद करतात का बघ. कुलूप, औषधं. एखादी जरी चूक दिसली तरी सांग," तो फोनवर म्हणाला होता. "मग घर विकू आणि त्यांना माझ्याकडे आणू. तुझ्या शब्दावर आहे सगळं."

मी बघत होते. गॅस बंद. गोळ्या वारांप्रमाणे डबीत. स्वयंपाकघरातलं घड्याळ मात्र पाच मिनिटं पुढे.

"हे चुकलंय बाबा," पहिल्याच दिवशी मी म्हणाले होते.

"चुकलेलं नाही. तुझ्या आईने लावलेलं आहे," असं म्हणून ते पाणी प्यायला वळले. ती पाच मिनिटं मी यादीत धरली नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी ठमीला डाव्या मांडीवर घेतलं आणि मला गच्चीवर पाठवलं. "गुडघे नाही म्हणतात," ते म्हणाले. खांद्याचं नाव काढलं नाही.

"बाबा, तिला खाली सोडू नका. तारेचे तुकडे पडलेत का बघा. आणि ती खोकली तर—"

"तुला मीच वाढवलंय. अजून आहेस ना? जा."

मी अँटेनाला केबल जोडली. जाड केबल, मुरडली की बिघडते, म्हणून मोठ्या वळणाने कठड्यावरून खाली सोडली. मग खाली येऊन ती झडपेतून आत घेतली आणि कपाटामागून टेबलापर्यंत आणली. गच्चीपासूनच सवयीने मोजत होते. एक टोक एका हातात, दोन्ही हात फैलावायचे, छाती ताणायची, झाली एक वाव. हे मला बाबांनीच शिकवलेलं. एक्स्चेंजमधली सगळी माणसं तसंच मोजायची. लहानपणी दर वाढदिवसाला ते माझ्या पसरलेल्या हातांवर तार धरायचे आणि म्हणायचे, "वाढली गं तुझी वाव." कॉलेजात गेल्यावर ती दीड मीटरवर थांबली. त्यांची पावणेदोन. त्या पावणेदोनमध्ये मी लहानपणी पूर्ण मावायचे, डोक्यापासून पायापर्यंत, वर आणखी जागा उरायची.

टेबलाशी पोचले तेव्हा बारा वाव झाल्या होत्या.

"बाबा, केबल आणायच्या आधी तुम्ही हे अंतर किती मोजलं होतं?" मी बाहेर ओरडून विचारलं.

"बारा वाव! बारा पावणेदोन एकवीस!"

माझी पण बारा. क्षणभर बरं वाटलं, परीक्षेत दोघांचं उत्तर जुळल्यासारखं. मग हातात उरलेल्या केबलकडे लक्ष गेलं. चांगली दोन वाव, तीन मीटर उरली होती.

मी तशीच उभी राहिले. बाबांची गुणाकारात चूक नव्हती. डोकं शाबूत होतं. हात आखडले होते. उजवा खांदा उघडत नव्हता, पाठ वाकली होती, आणि मोजताना ते कळलं नव्हतं किंवा कळून घ्यायचं नव्हतं. बाबांची वाव आता माझ्याएवढी झाली होती.

"पुरली का गं?" बाहेरून आवाज आला.

दादाला हवी होती ती एक चूक माझ्या हातात होती.

"पुरली!"

"बघ. आणि त्यातली कापू नकोस हं. वेळेला केबलमधून यायला वेळ लागतो. मीटरला चार नॅनोसेकंद. एकवीस चोक चौऱ्याऐंशी. तेवढं पेटीत भरलं की ती वजा करते. केबल कमी केलीस तर आकडा खोटा होईल."

अठरा चोक बहात्तर, माझ्या मनात आलं. मी उरलेल्या तीन मीटरचं परातीएवढं गोल वेटोळं केलं, ते सुतळीने दोन ठिकाणी बांधलं आणि कपाटामागे खिळ्याला अडकवलं. वेळेने तिथे दोन फेऱ्या जास्त मारल्या तर कुणाचं काय जाणार होतं? बाबांचा आकडा खरा ठरणार होता.

ते आत आले. ठमीला माझ्याकडे देऊन त्यांनी डाव्या हाताच्या तर्जनीने आठ दाबला, मग चार. पेटीवरचा लाल दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला आणि हिरवा झाला. बाबांनी शर्टाचं वरचं बटण लावलं, ऑफिसला जाताना लावायचे तसं.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "काय गं? मोजमाप, हिशेब, काही गडबड?"

"एकवीस मीटर सांगितली होती, एकवीस मीटर लागली."

"म्हणजे ठीक आहेत?"

"खांदा दाखवायला हवा. मी उद्या नेते. बाकी घर विकायचं बोलू नकोस."

फोन ठेवला तेव्हा बाबा पेटीसमोर बसले होते. ठमी दाराकडून रांगत निघाली. त्यांनी दोन्ही हात पसरले. डावा सरळ गेला, उजवा अर्ध्यावर थांबला. ती त्या हातांत शिरली आणि दोन्ही बाजूंना अजून जागा उरली.

स्वयंपाकघरात आईचं घड्याळ सातचे ठोके देऊ लागलं. खोलीतल्या पेटीत सात वाजायला अजून पाच मिनिटं होती.