सत्तावीस अंशांची वही

मित्रांनो, माझ्या पुठ्ठ्यावर लाल शाईने 'आदर्श' असं लिहिलंय, ते वाचून हुरळून जाऊ नका. मी बारावीच्या फिजिक्सचं एक जुनं जर्नल आहे. नागपुरातल्या एका ज्युनिअर कॉलेजच्या प्रयोगशाळेत, लोखंडी कपाटाच्या दुसऱ्या खणात माझी सोळा वर्षं गेली. आता रद्दीच्या गठ्ठ्यात आहे. त्याचं वाईट वाटतं का, असं विचाराल तर नाही वाटत. वाटायचं केव्हाच थांबलं.

माझा जन्म नागपुरातल्याच महाल या जुन्या भागातला. गौरांग नावाच्या मुलाने मला तपकिरी कागदाचं कव्हर घातलं. त्याचं अक्षर म्हणजे मोती. डाव्या कोऱ्या पानावर पेन्सिलीची आकृती, उजव्या पानावर मोजमापांचा तक्ता, खाडाखोड शोधून सापडायची नाही. त्यात एक प्रयोग होता आवाजाचा वेग मोजायचा. नळीत पाणी भरायचं, वर नादकाटा वाजवून धरायचा आणि आवाज कुठे घुमतो ते पाहायचं. खोलीचं तापमानही लिहायचं, कारण हवा तापली की आवाज जोरात धावतो.

गौरांगने हा प्रयोग केलाच नाही. ऑक्टोबरचं ऊन होतं, अंगाची लाही होत होती. पोरगं घरी कूलरपुढे मांडी घालून बसलं आणि गाइडमधून उतरवलं : तापमान सत्तावीस, वेग तीनशे अठ्ठेचाळीस. सत्तावीस! ऑक्टोबरच्या दुपारी, नागपुरात! मला तेव्हा हसू आलं होतं. तेव्हा मला हसू यायचं.

कृष्णकांत सरांनी मात्र मला वर्गात उंच धरलं. म्हणाले, "आदर्श म्हणजे काय, तर ज्याच्याकडे पाहून बाकीच्यांनी आपलं सुधारायचं. हे जर्नल आदर्श आहे." आणि तिथल्या तिथे पुठ्ठ्यावर तो शब्द लिहिला. खोटं कशाला सांगू, मी फुगले. आदर्श गाव असतं, आदर्श सून असते, आदर्श शिक्षक तर दरवर्षी असतात. त्या रांगेत आपणही, असं वाटलं.

मग दरवर्षी एकशेवीस मुलं मला उतरवू लागली. जुलै असो की जानेवारी, सगळ्यांच्या वहीत सत्तावीस. पहिल्या वर्षी लाज वाटली, दुसऱ्या वर्षी कमी वाटली. पुढे काहीच वाटेना. बोटं फिरत, पानं उलटत, कोणी चहा सांडे, कोणी "वा, काय जर्नल आहे" म्हणे. कौतुक आणि चहाचा डाग मला सारखेच झाले.

गेल्या वर्षी काजल आली. हुडकेश्वरच्या पलीकडच्या गावातून बसने यायची. घरी सगळे शेतीतले, सायन्स घेणारी ही पहिलीच. तिने प्रयोगशाळेतल्या दत्तोपंतांना नादकाटा मागितला. म्हातारा तिच्याकडे पाहतच राहिला.

"काहून पाहिजे वं पोरी? इतक्या वर्षांत कोणी मागितलाच नाही."

"प्रयोग कराचा आहे न काका."

दत्तोपंतांनी नळीवरची धूळ फडक्याने पुसून दिली. काजलने दोन तास तो प्रयोग केला. तिसऱ्या खेपेला नळी घुमली आणि तिचं तोंड असं उजळलं की काय सांगू. "काका, आवाज घुमून राहिला!" म्हणाली. मग तिने मान वर करून भिंतीवरचा थर्मामीटर पाहिला. तपासून होईपर्यंत पेन्सिलनेच लिहायचं, असा नियम आहे. तिने पेन्सिलने लिहिलं : तापमान पस्तीस, वेग तीनशे त्रेपन्न. मित्रांनो, ते अगदी बरोबर होतं. त्या कपाटात इतकी वर्षं पडून मला तेवढं नक्की कळतं.

डिसेंबरात सह्यांचा दिवस आला. सरांची सही नसेल तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसू देत नाहीत. टेबलावर एकशेवीस वह्या, त्यांच्याशेजारी मी. सर थकले होते. काजलची वही उघडून त्यांनी माझं पान लावून पाहिलं.

"हे काय? सत्तावीस पाहिजे."

"सर, मी केला तेव्हा पस्तीस होतं. ऑक्टोबर होता न. मी थर्मामीटर पाहून लिहिलं."

"सगळ्यांचं एक आणि तुझं वेगळं. बाहेरचे परीक्षक येतील, ते मला विचारतील."

"पण सर, ज्याचं हे जर्नल आहे, त्यानं थर्मामीटर पाहिला होता काय?"

मी तिथेच होते. नाही, नाही पाहिला, असं मला म्हणायचं होतं. वहीला तोंड नसतं. सरांनी पुठ्ठ्यावरच्या शब्दावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आदर्श आहे ते. सही पाहिजे का नको?"

मागून तिच्याच वर्गातला साहिल म्हणाला, "छापून टाक न वं. लय शहाणी झाली काय?"

काजलने खोडरबर काढला. पस्तीस खोडलं, तीनशे त्रेपन्न खोडलं, आणि माझ्याकडे पाहून शाईने सत्तावीस लिहिलं. रडली वगैरे नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

सरांनी सही केली. अक्षर पाहून म्हणाले, "छान आहे गं. जुनं जर्नल फाटलं, यंदापासून हेच ठेवू." लाल पेन काढला आणि तिच्या पुठ्ठ्यावर तोच शब्द लिहिला. माझी जागा तिच्या वहीला मिळाली.

जूनमध्ये काजल मार्कशीट न्यायला आली. प्रॅक्टिकलला पैकीच्या पैकी. मी कोपऱ्यात सुतळीने बांधलेली पडले होते. बारावीत आलेली वेदिका नावाची मुलगी काजलची वही घेऊन उभी होती. तिने मोठ्या उत्साहाने विचारलं, "ताई, हा आवाजाचा प्रयोग कसा करायचा?"

काजल म्हणाली, "कराचा नसते. पाहून लिहाचा असते."

तिच्या आवाजात राग नव्हता, दुःखही नव्हतं. तो आवाज मला ओळखीचा होता. तो माझाच होता. कित्येक वर्षं मला काही वाटलं नव्हतं, पण तेव्हा वाटलं.

मित्रांनो, उद्या गाडीवाला गठ्ठा उचलेल, म्हणून इतकंच मागते. कोणी तुमच्यापुढे आदर्श ठेवला तर त्याला एकदा विचारा, बाबा, तू स्वतः पाहिलं होतंस का? आणि मान वर करून भिंतीकडे पाहा. पस्तीस दिसलं तर पस्तीस लिहा. सही मिळेल की नाही, ते मला सांगता येणार नाही.