सुरभीच्या काळजाची उजवी बाजू

आयसीयूत सुरभीला पालथी निजवली होती. मान एका बाजूला वळलेली, तोंडात नळी, डोळ्यांवर पट्ट्या. बेबीताईनं सुनेला तशी पाहिली अन् तिथल्या डॉक्टरचा हातच धरला.

"बाई, पोरगी आधीच घुसमटून राह्यली, तिले उपडी काहून टाकली?"

डॉक्टर गौरीनं तिला खुर्चीवर बसवलं. "मावशी, तिची फुप्फुसं मागच्या बाजूनं पाण्यानं भरलीत. पालथं ठेवलं की तिकडे थोडी हवा जाते, हृदयालाही जरा बरं पडतं."

पोळा होऊन थोडेच दिवस झाले होते. राळेगावजवळच्या त्यांच्या वावरात सोयाबीन निंदताना सुरभीला गवतातला कसलासा बारीक किडा चावला. काखेत काळी खपली धरली. अंग तापलं, तर गावातल्या डॉक्टरनं साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. यवतमाळला आणेपर्यंत दम लागून तिला शब्द बोलवत नव्हता. इथं खपली पाहून किड्याच्या चाव्याचा ताप लगेच ओळखला, औषधही लागू पडत होतं, पण फुप्फुसांचं व्हायचं ते होऊन गेलं होतं.

लग्नाला दोन वर्षं झाली नव्हती. बेबीताईला लेक नव्हती. मुलगा आयुष एकटाच. सुरभी आली अन् घरात मोठ्यानं हसणं आलं. सासूला स्कूटीवर मागं बसवून ती राळेगावच्या बाजारात न्यायची. "गच्च धरा मले, नाहीतर कोनाच्या पऱ्हाटीत सापडसान!" रस्त्याकडेच्या कपाशीकडे मान करून म्हणायची. बेबीताई लटक्या रागानं तिच्या पाठीत धपाटा घालायची.

तीच पाठ आता श्वासाच्या मशीनच्या तालावर वरखाली होत होती.

दुसऱ्या दिवशी गौरीनं छातीची सोनोग्राफी केली अन् मायलेकांना बाजूला घेतलं. "हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांत रक्त ढकलते. फुप्फुसं इतकी कडक झालीत, की ढकलून ढकलून ती बाजू फुगली आहे. थकली आहे."

"मंग मशीनचा जोर वाढवा ना, मॅडम," आयुष म्हणाला.

"वाढवला तर प्राणवायू थोडा वाढतो, पण त्याच जोरानं हृदय आणखी दबतं. कमी केला, तर प्राणवायू उतरतो."

"म्हणजे इकून बी मरन, तिकून बी मरन," बेबीताई म्हणाली.

एकच वाट उरली होती. नागपूरला रक्त बाहेर काढून, त्यात प्राणवायू मिसळून परत शरीरात सोडणारं मशीन होतं. गौरीनं स्वतः फोन करून जागा मिळवली. दुपारी नागपूरची ॲम्ब्युलन्स दारात येऊन उभी राहिली. आयुषनं पिशवी भरली. त्यात सुरभीच्या चपलासुद्धा टाकल्या.

न्यायचं, तर तिला उताणी करणं भाग होतं. चौघांनी मिळून हलक्या हातानं तिला वळवलं. बेबीताई काचेबाहेर उभी होती. आत एकदम धावपळ झाली. मशीन किंचाळायला लागलं, कुणी सुईत औषध ओढलं, कुणी तिच्या छातीवर दोन्ही हात दाबले. "देवा, देवा" एवढंच बेबीताईच्या तोंडून निघत होतं. ठोके परत लागले तसं सगळ्यांनी मिळून सुरभीला पुन्हा पालथी केली.

ॲम्ब्युलन्समधला डॉक्टर बाहेर आला तेव्हा घामानं भिजला होता. "नेलं तर वाटेतलं कळंबसुद्धा गाठणार नाही," तो म्हणाला.

ॲम्ब्युलन्स वळायला लागली तसा आयुष तिच्या पुढं जाऊन उभा राहिला. बॉनेटवर दोन्ही हात टेकले. "थोडं थांबा ना भाऊ. सुधरन ते." ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. बराच वेळ थांबला बिचारा. शेवटी बेबीताईनंच जाऊन पोराचा हात धरला. "चाल बाबा. त्यायले बी दुसरे पेशंट असतीन." रिकामी गाडी नागपूरच्या रस्त्याला लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरभी गेली.

गौरी बाहेर आली अन् बेबीताईच्या शेजारी बाकावर बसली. "फुप्फुसं कालपेक्षा मोकळी होत होती, मावशी. आजचा छातीचा फोटो बरा होता. हृदयानंच तेवढा दम धरला नाही."

बेबीताई म्हणाली, "तिले कोनी सांगतलं नाही का बाई, थोडं थांब म्हनून?"

तेवढ्यात आयुषचा फोन वाजला. सुरभीची आई, तानाबाई, झरी जामणीहून पहाटेच निघाली होती. आयुषनं नाव पाहिलं. त्यानं फोन मायच्या हातात दिला.

"इहिनबाई," पलीकडून एसटीच्या घरघरीत आवाज आला, "पांढरकवडा सोडला मी. पोरीले सांगा, माय येऊन राह्यली म्हना. जेवली का ते काही?"

बेबीताईनं डोळे मिटले. बस भरलेली असेल, म्हातारी एकटी असेल.

"या," ती म्हणाली. "सावकाश या."