गाडीत राहिलेली काठी

मी व्हर्लिनची काठी बोलतेय. वेस्ट व्हर्जिनियातल्या एका हिकरीच्या झाडाची मी फांदी. व्हर्लिनबरोबर छत्रीधारी सैनिकांच्या पलटणीत असलेल्या रूफसने मला चाकूने तासून घडवलं आणि त्याला देताना म्हणाला, "घे म्हाताऱ्या. विमानातून उड्या मारायचे दिवस गेले, आता पायऱ्या तरी नीट उतर."

पाठीवर ओझं बांधून वर्षानुवर्षं विमानातून उड्या मारल्या, त्यात व्हर्लिनची कंबर आणि गुडघे गेले. भत्ता आणि उपचार मिळावेत म्हणून त्याची बायको नादीन हिने त्याला सरकारकडे अर्ज करायला लावला. तपासणीचं बोलावणं आलं. त्या सकाळी त्याने गुळगुळीत दाढी केली, बूट चकचकीत केले आणि मला गाडीतच ठेवून आत गेला. त्यांच्या पलटणीत दुखतंय म्हणणाऱ्याला कामचुकार म्हणत. ते त्याच्या अंगात मुरलेलं.

"काय सांगितलंस डॉक्टरांना?" परतताना नादीनने विचारलं.

"मस्त आहे म्हटलं."

"मस्त? अरे, सकाळी तुझे मोजे कोणी घातले? डॉक्टरांनी?"

मी मागच्या सीटवर पडून होते. चारचौघांत जाताना तो मला असाच मागे ठेवायचा, त्याचं आता काही वाटेनासंच झालं होतं.

अर्ज फेटाळला. कारण काय, तर आधाराशिवाय चालतात. नादीनने दोन दिवस भांडी आपटली, मग पुन्हा दाद मागितली. दुसऱ्या खेपेला तिनेच मला त्याच्या हातात कोंबलं. "हिला सोडून आत गेलास, तर घरी चालत यायचं."

आत गेल्यावर त्याने मला भिंतीला टेकवलं आणि ताठ उभा राहिला.

"कसं वाटतंय?" नव्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"मस्त, मॅडम."

मी घसरले आणि फरशीवर आदळले. पडलेली वस्तू तशीच राहू देणं त्याला जमत नाही. तो वाकला आणि अर्ध्यातच अडकला. धड खाली जाता येईना, धड वर येता येईना.

बाईंनी त्याला धरून खुर्चीत बसवलं. मला उचलून त्याच्या हातात दिलं. "आता सांगा."

त्याने मला दोन्ही गुडघ्यांमध्ये उभं धरलं.

"मोजे," तो म्हणाला, "बायको घालते."

निकाल अजून आलेला नाही. मी दारामागे उभी आहे. त्या दिवशी मी पडले की मुद्दाम पडले, ते मला विचारू नका. आणि व्हर्लिन, निकाल काहीही लागो, मला पुन्हा गाडीत ठेवून जाऊ नकोस रे.