पूजेतला दोर

"दोरा, माझ्या बंधवा, घाल धन्याला मिठी,
लोखंडाच्या पाखराची लई निसरडी पाठी."

ही ओवी अजून माझ्या पिळापिळात आहे. मित्रांनो, मी एक जुना दोर आहे, अंबाडीच्या वाखाचा. मुळशीतल्या भरे गावी एका अंगणात कोंडाजी मला पीळ घालत होता आणि दुसरं टोक धरून त्याची बायको गोजराबाई गात होती.

कोंडाजी पुण्याला विमानदुरुस्तीच्या शेडमध्ये कामाला लागला होता. विमानाच्या पंखावर चढायचं, तेलकट पत्र्यावर उभं राहून बोल्ट आवळायचे. खाली फरशी. गोजराबाईने त्याचा हात माझ्यावर ठेवून वदवून घेतलं, "दोर बांधल्याबिगर चढायचं न्हाई."

"मला काय बैल समजलीस व्हय?"

"बैल बरा. दावं इसरत न्हाई."

तेव्हापासून माझं एक टोक छताच्या तुळईला, दुसरं त्याच्या कमरेला. पाय घसरला की मी त्याला अधांतरी झेलायचो. मुकादम हैबतराव मला थोपटून म्हणायचे, "वयनींचा हात हाय ह्यो!"

मग खंडेनवमी आली. हत्यारांबरोबर मीही पाटावर बसलो, हळदकुंकवाने माखलो. पूजेतलं हत्यार त्या दिवशी उचलायचं नाही, ही रीत. दुपारी अचानक एक विमान दुरुस्तीला आलं. बोल्ट आवळायला कोठीत दुसरे पाने होते. दुसरा दोर नव्हता. पाटाशी कोंडाजी आणि मुकादमांचं काही बोलणं झालं. मी ऐकलं, पण दोराला तोंड नसतं. मग शिडी वाजली. मग पत्र्यावर पाय सरकला. मग फरशी.

मी झेंडूखाली तसाच पडून होतो.

"कोंडाजीच बेफिकीर," असं हैबतरावांनी साहेबांना सांगितलं. गावातही तेच पोचलं, आणि मागोमाग मीही. गोजराबाई रडली कमी, रुसली जास्त. "मला दिलेला शबुद मोडून गेलं," म्हणत तिने मला आढ्याला टांगलं. पुन्हा ओवी म्हटली नाही. धुराने मी काळवंडलो, उंदरांनी मला कुरतडलं.

मित्रांनो, हत्यारांची पूजा जरूर करा. पण जिवासाठी वळलेल्या दोराची पूजा कमरेला बांधूनच होते.

काही वर्षांनी, खंडेनवमीलाच, थकलेले हैबतराव दारात आले. गोजराबाईने विळा-कोयता मांडला होता.

"वयनी, दोर न्हाई मांडला?"

"कशापायी? ज्येंच्यासाठी वळला, त्येंनीच त्याला इचारलं न्हाई."

हैबतराव उंबऱ्यातच खाली बसले.

"इचारलं हुतं, वयनी. हात जोडून मागितला हुता त्यानं. म्याच म्हनालो, पूजंतलं उचलायचं न्हाई. तसाच चढ, न्हाईतर उद्यापास्नं येऊ नगंस."