नवा तक्ता

गिऱ्हाइकं त्याला डॉक्टर म्हणत. तो डॉक्टर नव्हता, चष्म्याचे नंबर काढणारा माणूस होता, आणि ही चूक दुरुस्त करायचा कंटाळा त्याला कधीच येऊन गेला होता. एकूणच त्याला फारसं काही वाटत नसे. आई गेली त्या दिवशीही त्यानं संध्याकाळी दुकान उघडलं होतं. म्हणून तो लग्नाचं विचारणार म्हटल्यावर थोरल्या बहिणीनं, ताईनं, हातातली कपबशी खाली ठेवली. "कुणाला? मॅडमला?"

मॅडम म्हणजे दुकानाचं काउंटर सांभाळणारी. पहिल्याच दिवशी "बिचारी एकटी राबते" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाची तिनं खरडपट्टी काढली, तेव्हापासून ती मॅडम. आठ वर्षं ती तिथं होती. हल्ली ती चष्म्याच्या काड्या डोळे मिटून, नुसत्या बोटांनी वाकवायची. ते बघायला त्याला आवडायचं. दिवसभरात आवडण्यासारखं तेवढंच होतं.

बेत पोरकट होता, पण ताईनं मोडता घातला नाही. नंबर काढताना वाचायला देतात तो अक्षरांचा तक्ता त्यानं नव्यानं रंगवला. वर तळहाताएवढं 'लग्न', खाली 'करशील का', त्याखाली 'माझ्याशी', आणि अगदी तळाला, बारीक, 'ताईची हरकत नाही'. कोपऱ्यात सवयीनं तारीख टाकली. तो दिसेल त्या वस्तूवर तारीख टाकायचा. ताई म्हणायची, एक दिवस माझ्या कपाळावर टाकशील.

मग तीन आठवडे मॅडम डोळे तपासून घ्यायला बसेचना. आज गर्दी आहे, उद्या बघू. शेवटी ताईनंच तिला दामटून खुर्चीत बसवलं आणि स्वतः केक घेऊन पडद्यामागे उभी राहिली.

त्यानं तक्त्यावरचा दिवा लावला. "वाच."

"र," मॅडम म्हणाली. "ग, त. प, म, न..."

ती जुना तक्ता वाचत होती. आठ वर्षं, दिवसातून वीसदा कानावर पडलेला. शेवटच्या ओळीपर्यंत एक अक्षर चुकलं नाही.

त्याला काहीच वाटलं नाही. ती काड्या नुसत्या बोटांनी का वाकवते, तपासणी का टाळते, सगळं ध्यानात आलं. आणि आता विचारलं तर ते तिला कीव वाटणार, हेही आलं. कीव तिला खपत नसे.

"किती आला नंबर?" तिनं विचारलं.

"तक्ता बदललाय."



"दोन वर्षं झाली," ती मग म्हणाली. "हळूहळू नजर जाणार, असं दवाखान्यात म्हणालेत. जवळचं थोडं दिसतं, तेही भिंगातून. उद्यापासून येत नाही मी. मला कामावरून काढायची पाळी तुझ्यावर नको."

त्यानं तक्ता भिंतीवरून काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

तिनं खिशातून भिंग काढलं, तक्ता नाकाशी धरला आणि एकेक अक्षर पुढे सरकू लागली. पडद्यामागे ताईनं या पायावरचा भार त्या पायावर घेतला. मॅडम तळाच्या ओळीपर्यंत पोचली. तिथं थांबली नाही, कोपऱ्यापर्यंत गेली.

"ही तारीख तीन आठवड्यांपूर्वीची आहे."

"हो."

"तेव्हा तुला माहीत नव्हतं."

"नव्हतं."

"आता आहे."

"आहे."

तिनं तक्त्याची गुंडाळी केली. "मग हे जुनं झालं. आता परत विचार. तोंडानं."

त्यानं तोंड उघडलं. शब्दांच्या आधी भलतंच काहीतरी घशाशी आलं, आई गेली तेव्हा आलं नव्हतं ते. खांदे हलायला लागले. ते थांबवायचं कसं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"डॉक्टर," मॅडम हळूच म्हणाली, "मला इथून दिसत नाहीये. काय करतोयस?"

"विचारतोय," तो म्हणाला.