पाळकातला ळ

मागच्या लेखामुळे ज्यांची मनं दुखावली त्या सगळ्या आईबापांना माझा सलाम. तो लेख तुमच्यावर नव्हता. कुणावर होता ते पुढे येईल, जरा दम धरा. मी सांगायला बसले की मध्ये बोललेलं मला खपत नाही, आणि ब्लॉगचं एक बरं आहे, इथे कुणाला मध्ये बोलताच येत नाही.

जे नव्याने वाचताहेत त्यांच्यासाठी सांगते. मी शालन, राहणार नाना पेठ, शिक्षण चौथी. शाळा सुटली पण शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायचं सुटलं नाही. लिहायला मात्र हात वळत नाही, म्हणून मी फोनसमोर बोलते आणि फोन लिहितो. ही युक्ती माझ्या नातीची, तेजस्विनीची. "आजी, तू दिवसभर मला जे ऐकवतेस ते जगाला ऐकव, मला जरा सुट्टी मिळेल," असं म्हणून तिनेच हा ब्लॉग काढून दिला. देवळात गिटार कशाला, डोक्यावरचा पदर कुठे गेला, प्रार्थना न करता ताटावर तुटून पडणाऱ्यांचं काय करायचं, अशा विषयांवर मी बोलते. लोक वाचतात. काही चिडतात. चिडलेले जास्त नेमाने वाचतात.

देऊळ म्हणजे चर्च. आमच्या जुन्या ख्रिस्ती घरांत देऊळच म्हणतात, आणि तिथल्या धर्मगुरूला पाळक. कळप सांभाळतो तो पाळक. हा शब्द लक्षात ठेवा, सगळा घोळ त्याचाच आहे.

तर आमच्या तेजूचं लग्न ठरलं. मुलगा आमोद, वाघोलीचा. कॉम्प्युटरमध्ये आहे, पण रविवारी वेळेवर येतो आणि मधल्या बाकावर बसतो. पहिल्या बाकावर बसणाऱ्या तरुणांवर माझा विश्वास नाही. बोलणी करायला त्याचे आईवडील घरी आले, मार्थाबाई आणि विक्रमराव. चकल्या मी स्वतः केल्या होत्या. विक्रमरावांनी आपली बशी संपवली, मग बायकोची संपवली. मार्थाबाईंनी एक चकली उचलली आणि निघेपर्यंत तशीच हातात धरून बसल्या, कुणी सांभाळायला दिल्यासारखी. मी मनात म्हटलं, बाई तोऱ्याची आहे. निघताना विक्रमराव दारात उभे राहून वाघोलीच्या पाण्याच्या टँकरवर इतकं बोलले, की आमची शेजारीण अख्तरबानू दोनदा दार उघडून बघून गेली, भांडण वगैरे लागलंय का म्हणून.

पण मुलगा चांगला, तेजू खूश, म्हणून मी होकार दिला. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार देवळात दोघांची नावं पुकारतात, कुणाची हरकत असेल तर सांगा म्हणून. पहिला पुकारा येत्या रविवारी ठरला.

त्याच सुमारास मला वरची कवळी बसली. नवीन दात, अगदी पांढरेशुभ्र, टाळूला मोठी पट्टी. मी म्हटलं, छान झालं. तेजू म्हणाली, "आजी, तुझा ळ गेला."

"माझा कशाला जाईल. तुमच्या पिढीचा गेला. तुम्ही पोरी शाला म्हणता."

"आम्ही शाळा म्हणतो. शाला आत्ता तू म्हणालीस."

"मी तुमची नक्कल केली."

ती हसली आणि गप्प बसली. माझ्याशी कधी गप्प बसायचं ते या घरात फक्त तिलाच कळतं.

आता लेखाचं. मी बोललेलं तेजू आधी वाचते, दुरुस्त करते, मग जगाला दाखवते. पण त्या दिवशी ती तिच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या सुनेबरोबर, लग्नाची साडी घ्यायला लक्ष्मी रोडला गेली होती आणि मला कोणतं बटण दाबायचं ते कळलं होतं. विषय तोंडात तयार होता. आमचे पाळक, रेव्हरंड गोपाळकृष्ण. नाव ऐकून नवे लोक चमकतात, पण ते त्यांच्या आजोबांचं, तसंच चालत आलेलं. माणूस सोन्यासारखा. फक्त बोलणं आवरत नाही. आदल्याच दिवशी घरी येऊन माझ्या उरलेल्या चकल्या संपवून, दारात उभं राहून त्यांनी मला रविवारचा अख्खा उपदेश दुसऱ्यांदा ऐकवला होता. मी ठरवलं, यावर कुणीतरी बोललं पाहिजे. असं कुणीतरी या वस्तीत मीच असते.

मी बोलले, बटण दाबलं. परत वाचून बघायची मला सवय नाही. एकदा बोलले ते बोलले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कात्रजच्या दुधाची पिशवी कापत होते, तेवढ्यात अख्तरबानू आली. पाच पिढ्यांपासून हिचं घर पुण्यात, मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. म्हणाली, "शालनबाई, पालकवर लिहिलंत म्हणून भाजीची कृती असेल असं वाटलं. शेवटपर्यंत वाचलं, भाजी कुठे नाही. आणि ही कल्पना कोण?"

"कोण कल्पना?"

तिने वाचून दाखवलं. जसं छापलं होतं तसं सांगते: "हल्लीचे पालक फार बोलतात. घरी येतात, चहा घेतात, चकल्या संपवतात, दारात उभं राहून पुन्हा तेवढंच बोलतात. घरात कुणाचं काय दुखतं ते विचारत नाहीत. असे पालक असतील तर कल्पनाने कुणाकडे बघायचं?"

मी पाळक म्हटलं होतं. कळपाने कुणाकडे बघायचं, असं म्हटलं होतं. पोटात गोळा आला. गोळाच, अख्तरबानू, हसू नकोस, वाचत असशील तर.

दुपारी वाघोलीहून सुनेला फोन. मार्थाबाईंचा आवाज अगदी गार. चकल्या आणि दार वाचून त्यांना काय समजायचं ते समजलं होतं. वर विक्रमरावांनी विचारलं होतं की कल्पना ही तुमची दुसरी मुलगी आहे का, आम्हाला सांगितली नाहीत. शेवटी मार्थाबाई म्हणाल्या, "रविवारी नावं पुकारायची घाई नको. आपण जरा विचार करू."

तेजू मला एक शब्द बोलली नाही. आणलेली साडी तिने घडी मोडून पाहिली, परत घडी घातली, मांडीवर ठेवून बसली. भांडली असती तर मी दोन हात केले असते. हिला मी हाताने भरवलेलं आहे, पहिली प्रार्थना माझ्या मांडीवर शिकली ही. ती गप्प बसली की मला घर खायला उठतं.

मी म्हटलं, "त्यांना सांग, फोनची चूक आहे. आजीला दुसरंच म्हणायचं होतं."

"काय म्हणायचं होतं म्हणून सांगू?"

"सांग, भाजी."

"आजी, भाजी दारात उभी राहून बोलते का?"

मग मी तिला खरं सांगितलं. अडचण तिच्याही लक्षात आली. वाघोलीकरांना खरं सांगावं तर पाळक दुखावणार, आणि नावं पुकारणार ते पाळकच. न सांगावं तर पुकारायला नावंच उरत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी पाळकसाहेब स्वतःच आले. त्यांच्या कानावर गेलं होतं, आणि समेट करायला त्यांनी वाघोलीकरांनाही आमच्याकडे बोलावलं होतं. मार्थाबाई, विक्रमराव आणि आमोद समोरच्या दिवाणावर, आम्ही इकडे खुर्च्यांवर, मध्ये चकल्या. सुनेने नेमक्या चकल्याच का काढाव्यात ते प्रभू जाणे.

पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, एक चकली उचलली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "शालनबाई, लेख मी वाचला. शब्द कठोर आहेत, पण मुद्दा पटला मला. हल्लीचे पालक खरंच असे आहेत. उद्याच्या उपदेशात घेणार आहे मी तो."

विक्रमराव उठून उभेच राहिले. आमोदने त्यांचा हात धरून खाली बसवलं.

मी म्हटलं, "बसा. मी पालक म्हटलंच नव्हतं. मी म्हटलं होतं, पालक."

मला माझं बोलणं नीट ऐकू येत होतं, त्यांना काय ऐकू येत होतं देव जाणे.

आमोदने आपला फोन पुढे केला. "आजी, यात बोला बरं."

बोलले. पालक. पुन्हा बोलले. पालक. तिसऱ्यांदा जोर लावला तर त्याने बालक लिहिलं.

"बघा," मार्थाबाई म्हणाल्या. "फोनला कशाला दोष द्यायचा."

मी तेजूकडे पाहिलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, साडीच्या पिशवीकडे बघत होती. मला माझ्या तोंडाचा अभिमान आहे, खोटं कशाला बोलू. या वयात कुणी मला बोळक्या तोंडाने पाहिलेलं नाही, सुनेनेसुद्धा नाही. दात काढायचे ते दार लावून, बसवायचे ते दार लावून.

"तेजू," मी म्हटलं, "वाटीत पाणी आण."

तिने आणलं. पदर आड धरला, कवळी काढली, वाटीत ठेवली. मग पदर खाली घेतला आणि त्या सगळ्यांसमोर फोनला म्हणाले, "पाळक."

आमोदने बघितलं. "पाळक," त्याने वाचलं.

"कळप."

"कळप."

मग त्याने अख्खा लेख पहिल्यापासून मोठ्याने वाचला, प्रत्येक ळ जागच्या जागी घालून. हल्लीचे पाळक फार बोलतात. घरी येतात, चहा घेतात, चकल्या संपवतात. वाचता वाचता त्याचा आवाज हळू होत गेला. सगळ्यांच्या माना एकेक करून पाळकसाहेबांकडे वळल्या. त्यांच्या हातात अर्धी चकली होती. ती त्यांनी बशीत परत ठेवली.

"म्हणजे दारात उभा राहणारा मी," ते म्हणाले.

"होय साहेब," मी म्हटलं. दात नसले की होय साहेब फार नम्र ऐकू येतं. मी रोज प्रभूकडे मागते की माझी जीभ जरा मऊ कर. त्याने दातांच्या डॉक्टरकडून ते काम करवून घेतलं.

आता मला वाटलं, हे उठून जाणार आणि उद्याचा पुकारा गेला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माझ्या जवळच्या खुर्चीवर येऊन बसले.

"घरात कुणाचं काय दुखतं ते मी विचारत नाही, असं तुम्ही म्हणालात. खरं आहे, राहून जातं. तुमचं काय दुखतं, शालनबाई?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. उत्तर तयार नव्हतं, म्हणून खरं आलं.

"हिरडी," मी म्हटलं. "डावीकडची."

पहिल्यांदा हसली ती तेजू. मग आमोद, मग पाळकसाहेब इतके हसले की विक्रमरावांनी त्यांना पाणी दिलं. मार्थाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या माझ्याकडे सरकल्या आणि कानात म्हणाल्या, "माझी उजवीकडची. खालची कवळी आहे माझी. त्या दिवशी चकली चावेना, सांगायची लाज वाटली."

"म्हणून हातात धरून बसलात होय."

"मग काय करणार? तुम्ही इतक्या तोऱ्यात बसला होतात. मला वाटलं, या बाईसमोर पर्समधून दात काढून बसवायचे कसे."

मी सुनेला हाक मारली आणि शिरा करायला सांगितला, मऊ, दूध जास्त घालून. दोघींनी एकाच पातेल्यातून वाढून घेतला. निघताना पाळकसाहेब दारापर्यंत गेले, थांबले, तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि सलाम म्हणून जिना उतरून गेले. दारात विक्रमराव मात्र राहिले, टँकरचं अजून थोडं बाकी होतं. मी खुर्ची बाहेर नेऊन बसून ऐकलं. आता घरचा माणूस आहे.

रविवारी उपदेश नेहमीइतकाच लांबला. पालकांवरच होता, तयारी झालेली होती म्हणे. माणूस एका रात्रीत किती बदलणार. पण उपदेशाआधी त्यांनी तेजस्विनी आणि आमोदची नावं पुकारली, खणखणीत, आणि कुणाची हरकत असेल तर आत्ता बोलावं, असं म्हणून आमच्या बाकाकडे पाहून जरा जास्तच थांबले.

मी आणि मार्थाबाई शेजारी शेजारी बसलो होतो, पदर डोक्यावर, तोंडं घट्ट मिटलेली. दोघींचेही दात पर्समध्ये होते.