अंडं फुटायच्या आधी

धाकूमामाने मुंबईहून फोटोच्या सहा काचा आणल्या होत्या. पाच वाया गेल्या आणि उद्या सकाळच्या बोटीने तो परत जाणार. हौसाचं डोकं तापलेलं. गलोलीतून सुटलेला आपला खडा हवेत दिसतो कसा, एवढंच तिला एकदा बघायचं होतं. त्यापायी दुपारपासून तिने पाच अंडी फोडली होती आणि मामाशी दोनदा अबोला धरला होता.

खटपट अशी. खिडक्यांना घोंगड्या लावून खोली मिट्ट काळोखी करायची, कॅमेरा उघडा ठेवायचा. आईच्या लोणच्याच्या बरणीला आतबाहेर चहाच्या पेटीतली चंदेरी, म्हणजे कथलाचा पातळ पत्रा, चिकटवून मामाने तिच्यात मोटारीच्या कॉइलने वीज भरलेली. अंड्याच्या बोटभर पुढे चंदेरीचे दोन तुकडे टांगलेले. खडा त्यांच्यावर आपटला की ते एकमेकांना टेकणार, बरणीतल्या विजेची ठिणगी उडणार, तेवढ्या उजेडात फोटो. हौसाने दिव्यात नेम धरायचा, मामाने दिवा फुंकायचा, मग तिने हात न हलवता सोडायचं. पाची वेळा मेली ठिणगी उशिरा उडाली, अंडं फुटल्यावर.

शेवटची काच. मामाने दिवा फुंकला, कॅमेरा उघडला.

"आता श्वासपण घेऊ नको गो," तो कुजबुजला.

बाहेर तिन्हीसांज झालीय हे दोघांच्या गावीही नव्हतं. हौसाच्या आईच्या, यमुनाबाईच्या, मात्र होतं. दिवेलागणीला घरात काळोख तिने जन्मात ठेवला नव्हता. देवाचं नाव पुटपुटत, निरांजन घेऊन ती थेट आत आली. मामा ओरडला, हौसा भडकली आणि भडकताना तिच्या बोटांतून गलोलीचं चामडं निसटलं. कडाड करून ठिणगी उडाली. यमुनाबाईने अशी किंकाळी फोडली की शेजारची गोदाकाकी हातातल्या सुपासकट धावत आली. निरांजन विझलं. मामाने झडप घालून कॅमेरा मिटला.

मग तासभर यमुनाबाई बोलत होती. बरणी, अंडी, गलोल, भाऊ, सगळ्यांचा उद्धार झाला. मामाने न्हाणीत बसून, आशा सोडूनच काच धुतली आणि काळ्या कापडावर धरली.

खडा हवेत होता. स्वच्छ, त्याच्यावरचा टवकासुद्धा दिसत होता. पुढे अंडं अख्खं, त्याला काही पत्ताच नाही. एका कोपऱ्यात निरांजनाचा पांढरा फराटा आणि मागे यमुनाबाई, देवळातल्यासारखी शांत. तिचंही किंचाळायचं अजून बाकी होतं. हौसा हसत हसत न्हाणीच्या ओल्या दगडावरच बसली.

यमुनाबाईने काच बराच वेळ न्याहाळली.

"बघ, मी घाबरलेच नव्हते. तूच मेल्या उगाच ओरडलास, धाकू."

हौसाला भांडायचं होतं, पण खड्यावरून तिची नजरच हलेना.